निसर्ग : पंधरा मिनिटे

सहलीला जाणाऱ्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. मोटारसायकलवरून जाणाऱ्यांबद्दल तर नाहीच नाही, कारण त्या पापात मी स्वतः चांगली पंधरा वर्षं भागीदार होतो. माझं भांडण आहे ते सहल आखणाऱ्यांशी. ही जमात अलीकडे फार माजली आहे, आणि दुर्दैवानं तिचा एक प्रमुख आमच्याच कुटुंबात निपजला आहे.

हा प्रमुख म्हणजे माझा भाचा. भाचा संगणक उघडून माझ्यापुढे बसला, की एक तर माझ्या ठेवी धोक्यात असतात किंवा माझं मनःस्वास्थ्य. त्या दिवशी मनःस्वास्थ्याची पाळी होती.

"मामा, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी येतेय. आम्ही डोंगर आणि तलाव अशी टूर काढतोय. तुम्ही जुने रायडर. जरा नजर टाका."

'जुने रायडर' या शब्दानं मी विरघळलो. (जुन्या माणसाला विरघळायला फारसं लागत नाही.) चष्मा चढवला आणि पडद्यावर पाहिलं, तर तिथे सहल नव्हतीच. तिथे एक तक्ता होता. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, अनेक बुडीत खात्यांचे तक्ते पाहिले. पण असा तक्ता पाहिला नाही. चार दिवस, सात मोटारसायकली, नऊ तलाव, सहाशे साठ किलोमीटर. पहिल्या दिवशी पुणे, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट आणि महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी वेण्णा तलाव, तापोळा, बामणोली, कास, सातारा. तिसऱ्या दिवशी कोयना. चौथ्या दिवशी भाटघर, पानशेत, खडकवासला आणि घर. प्रत्येक ठिकाणापुढे रकाने. 'पेट्रोल – ८ मि.' 'चहा – ७ मि.' 'फोटो – १० मि.' आणि मुळशीपुढे, सुवाच्य अक्षरांत, 'निसर्ग – १५ मि.'

मी विचारलं, "हे पंधरा मिनिटांत उरकायचं?"

"मामा, त्यात पाच मिनिटं बफर धरलेत," तो म्हणाला.

म्हणजे निसर्ग दहाच मिनिटं. उरलेली पाच, निसर्गानं उशीर केला तर.

आता मी ज्या मुद्द्यांवर त्या तक्त्याशी भांडलो, ते वाचकांपुढे क्रमानं मांडतो. न्याय तुम्हीच करा. घरात मला तो मिळण्याची शक्यता नाही, कारण आमची ही भाच्याच्या बाजूनं आहे. तिच्या मते मामाला आखलेलं काहीही खपत नाही, एवढ्यासाठीच लग्नाचा मुहूर्तसुद्धा अर्ध्या तासानं चुकला होता.

पहिला मुद्दा ऋतूचा. तक्त्यात महाबळेश्वरपुढे लिहिलं होतं, 'सूर्यास्त – ६.५५ ते ७.०५'. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात, ऐन श्रावणात, या मुलांनी सूर्याला सहा पंचावन्नची वेळ दिलेली! त्या दिवसांत महाबळेश्वरात स्वतःचा हात दिसला तरी लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवतात. पॉइंटावर उभं राहायचं, समोर पांढरा पडदा, आणि पडद्यामागे दरी आहे असं मक्याचं कणीस विकणारा सांगतो, त्यावर विश्वास ठेवायचा. आंबेनळीचा घाट तर पावसाळ्यात कधी दरड टाकील त्याचा नेम नसतो. २०२१च्या जुलैत तिथला रस्ता ठिकठिकाणी वाहूनच गेला होता. कासच्या पठारावरची फुलंही सुट्टी बघून फुलत नाहीत. त्यांचा खरा बहर सप्टेंबरात. पंधरा ऑगस्टला तिथे जाऊन फुलं शोधणं म्हणजे दिवाळीच्या फराळाला दसऱ्याच्या आदल्या दिवशी जाण्यासारखं आहे. डबे असतात, आत काही नसतं.

दुसरा मुद्दा साध्या हिशेबाचा. सहाशे साठ भागिले चार म्हणजे रोजचे एकशे पासष्ट किलोमीटर. घाटात, वळणांत आणि खड्ड्यांत ताशी तीसचा वेग पडला तर देव पावला. म्हणजे साडेपाच तास नुसतं चालवणं. त्यात घाटात गाडी चालवणाऱ्याला निसर्ग दिसत नसतो, हे कोणी सांगत कसं नाही? त्याला दिसते खडी. त्याला दिसते वळणावरून अंगावर येणारी एस. टी., रस्त्याच्या मधोमध चिंतन करणारी म्हैस, आणि सात गाड्या एका रांगेत असतील तर पुढच्याचा तांबडा दिवा. डोळे डोंगराकडे गेले की गाडीही डोंगराकडे जाते, आणि डोंगर नसलेल्या बाजूला गेले तर त्याहून वाईट. तेव्हा चार दिवसांत बावीस तास तुम्ही मित्राचा तांबडा दिवा बघणार. मग तो घरी बसूनच का बघू नये? मित्राला फाटकाशी गाडी लावायला सांगावी, आपण खुर्ची टाकून बसावं, मध्ये मध्ये कोणी तरी अंगावर पाणी मारावं. सहल होते. पेट्रोल वाचतं.

तिसरा मुद्दा मोजदादीचा. नऊ तलाव! मी नकाशा मागितला. तापोळा, बामणोली आणि कोयना हे तक्त्यातले तीन वेगवेगळे तलाव होते. प्रत्यक्षात ते एकच पाणी आहे: कोयना धरणाचा शिवसागर. एकाच गृहस्थाला कचेरीत, देवळात आणि भाजी बाजारात गाठून तीन माणसांना भेटलो म्हणण्यापैकी हे झालं. भाचा जरा वरमला. पण लगेच सावरून म्हणाला, "मामा, व्ह्यू तीन आहेत ना!"

इथवर गंमत होती. मी स्वतः काही फार शहाणा मोटारसायकलस्वार नव्हतो, हेही कबूल करतो. माझ्याकडे येझदी होती. नव्या पिढीला म्हणून सांगतो, येझदीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच असे. तो आत दाबून वर फिरवला की किक, पुढे सोडला की गिअर. या दांड्यानं माझ्या उजव्या-डाव्याचा असा काही गोंधळ केला, की बँकेत नमस्कार करतानाही माझा डावा पाय हलत असे. ती गाडी टू-स्ट्रोक; पेट्रोलमध्ये ऑईल घालायचं; ते जरा जास्त झालं की प्लगवर काजळी धरायची आणि गाडी ज्या जागी बंद पडायची ती जागा तिनं आधी हेरून ठेवलेली असायची.

१९८३ सालच्या जूनच्या आरंभी मी आणि बँकेतला एक सहकारी असे भंडारदऱ्याला निघालो. आखणी आम्हीही केली होती. कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पाठीमागे, दुधाच्या हिशेबाखाली. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा. रात्री मुक्काम, सकाळी धरण, दुपारी रंधा धबधबा, संध्याकाळी परत. यादीत 'जादा प्लग' हेही होतं आणि त्यापुढे बरोबरची खूणही होती. खूण करून यादी टेबलावर ठेवली, यादीवर उडू नये म्हणून प्लग ठेवला, आणि आम्ही दोघंही त्याला तिथेच सोडून निघालो.

राजूरच्या पुढे अंधार पडता पडता गाडीनं मान टाकली. प्लग काढून पॉलिशपेपरनं घासला, रुमालानं पुसला, माझ्या सहकाऱ्यानं त्याला हात जोडले. काही नाही. शेवटी रस्त्यालगतच्या वाडीतल्या एका घरात आम्हाला आसरा मिळाला. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. जेवून अंगणात आलो आणि समोरचं झाड पेटलेलं दिसलं. एक नव्हे, सगळीच झाडं. हजारो काजवे, एका लयीत लागत होते, विझत होते. घरातल्या म्हातारीनं पिंजऱ्यातला पोपट दाखवावा इतक्या साधेपणानं सांगितलं, "पाऊस यायचा झाला, की येतात." आम्ही दोघं कारकून तिथे मध्यरात्रीपर्यंत बसलो होतो. बोललो काहीही नाही. बँकेत शेजारी शेजारी बसून आम्ही अकरा वर्षं एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. एवढा वेळ गप्प बसण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशीचं धरण मला आज आठवत नाही. धबधबा कोरडाच असावा. आखलेलं सगळं पार पडलं असणार, कारण तशी मे महिन्याच्या मागे खूण आहे. आठवते ती फक्त यादीत नसलेली रात्र.

आता त्याच भागात काजव्यांचा महोत्सव भरतो. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, आणि काजवे बघायला येणारे लोक येताना मोटारीचे प्रखर दिवे घेऊन येतात. ज्या किड्याचा सगळा संसार अंधारावर चालतो, बिचारा आपल्या जोडीदाराला उजेडाच्या खुणा करून बोलावतो, त्याच्या डोळ्यांवर हे दिवे! एखाद्याच्या लग्नात ताशा घेऊन शिरावं, वधूवरांना एकमेकांचं नावसुद्धा ऐकू येऊ देऊ नये, आणि बाहेर येऊन म्हणावं, काय छान सोहळा होता हो! आणि ही गर्दी कशामुळे? तर प्रत्येकाच्या तक्त्यात एकच तारीख, एकच जागा आणि एकच वेळ आहे म्हणून. आखणीचा हा खरा गुण. ती शंभर माणसांना एकाच झाडाखाली आणून उभी करते आणि मग शंभरही जण म्हणतात, फार गर्दी झालीय हल्ली.

पण माझा मुख्य मुद्दा हाही नाही. मुख्य मुद्दा 'तलाव' या शब्दाचा आहे.

मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या नवांतले दोन वजा केले, सात राहिले. या सातांतलं देवानं केलेलं तळं कोणतं, सांग."

त्याला वाटलं, मी कोडं घालतोय. कोडं नव्हतंच. उत्तर आहे, एकही नाही. लोणारचं सरोवर उल्का पडून झालं, ते तिकडे बुलढाण्याला. सह्याद्रीत आपण ज्याला तळं तळं म्हणून फोटो काढतो, ते बहुतेक माणसानं अडवलेलं पाणी असतं. वेण्णा साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ साली बांधवला. कासला बांध घालून साताऱ्याला पाणी नेलं. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं. भाटघर इंग्रजांचं. पानशेत १२ जुलै १९६१ला फुटलं आणि अर्धं पुणं वाहून गेलं. आमच्या आत्या वारेपर्यंत काळ मोजायच्या तो 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' असा. त्या पानशेतापुढे तक्त्यात होतं, 'सेल्फी – १० मि.'

आणि मुळशी. पौडमार्गे पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. येझदीवरून मी तिथे पन्नास वेळा तरी गेलो असेन. १९८४ साली असाच एका रविवारी गेलो होतो. पाणी तुडुंब, डोंगर हिरवेगार. चहाच्या टपरीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, सत्तरीचे. मी चहाचा कप हातात धरून, पुणेरी माणसाला निसर्ग बघून येतो तो सगळा मोठेपणा आवाजात आणून म्हटलं, "बाबा, भाग्यवान आहात. काय सुंदर तळं आहे तुमच्याकडे!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याकडेच बघत म्हणाले, "तळं न्हाय ते. शेत हाय आमचं."

कप हातात तसाच राहिला. मग त्यांनी बोटानं दाखवलं. तिकडे गाव. तिकडे देऊळ. तो उंचवटा दिसतो त्याच्याखाली भाताची खाचरं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना मुळशीचा सत्याग्रह झाला होता. १९२१च्या रामनवमीला तो सुरू झाला. सेनापती बापट पुढारी, विनायकराव भुस्कुटे बरोबर. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यातली बावन्न गावं पाण्याखाली जाणार म्हणून माणसं, बायका, पोरं कामावर जाऊन आडवी पडली. तुरुंगात गेली. टाटा कंपनीचं ते धरण अखेर झालंच. बापटांना पुढे आगगाडी अडवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. पूर्वेकडे वाहून भीमेला, कृष्णेला मिळायचं ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात सोडलं आणि त्याची वीज मुंबईला गेली.

आता इथे मी शहाजोगपणे सुस्कारा सोडला असता. पण सोडता आला नाही. त्याचं कारण सांगतो. माझे वडील परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या ती या घाटमाथ्यावरच्या पाण्याची. त्या गिरणीच्या पगारावर आम्ही चार भावंडं शिकलो, त्या शिक्षणावर मला बँकेत नोकरी लागली, आणि बँकेच्या कर्जावर मी ती येझदी घेतली. म्हणजे त्या बाबांच्या शेतावर पाणी आलं तेव्हा कुठे माझ्या बुडाखाली मोटारसायकल आली, आणि तिच्यावर बसून मी त्यांना सांगायला आलो होतो, की तुम्ही भाग्यवान!

धरण बांधायला नको होतं, असं मी म्हणत नाही. तो वाद मोठ्यांचा आहे आणि मी विजेच्या दिव्याखाली बसूनच हे लिहितो आहे. पण निदान काय बघतोय ते ठाऊक असावं की नाही? कोयनेचं धरण १९६०च्या दशकात पुरं झालं. त्यात घरदार गेलेली कुटुंबं सोलापूर, ठाणे, सांगली अशी कुठे कुठे विखुरली. आणि पुनर्वसन नीट करा म्हणून धरणग्रस्त २०१८ सालीसुद्धा कोयनानगरला आंदोलनाला बसले होते. सरकारचं धरण साठ वर्षांत थकलं नाही, यांचं धरणंही थकलं नाही. त्या ठिकाणापुढे आमच्या तक्त्यात काय? 'व्ह्यू – उत्तम. पार्किंग – मोफत.'

भाचा गप्प झाला होता. ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी होती. मग भाच्यानं तरुण माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला. "मग मामा, जायचंच नाही का? सहलीला जाऊन रडत बसायचं?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. रडायला मुळीच जाऊ नये. रडणाऱ्या माणसाच्या हातात घाटात गाडी देणं धोक्याचं. मी स्वतः त्या रविवारनंतर मुळशीला पुन्हा पुन्हा गेलो, आणि खोटं कशाला बोलू, पाणी मला पहिल्याइतकंच सुंदर दिसलं. उलट जास्तच. नाव-गाव कळलेल्या माणसाचा चेहरा जास्त दिसतो, तसं. आणि आखणीच नको असंही नाही. यंत्राची आखणी जरूर करावी. ब्रेक, टायर, चेन बघावी. पंक्चरचं सामान घ्यावं. टाकी पौडलाच भरावी. हेल्मेट डोक्यावर घालावं, कोपरात नव्हे. अंधारापूर्वी घाट उतरावा. कुठे जातो ते घरी सांगावं. (आणि प्लग टेबलावर ठेवू नये.) ही आखणी करा. पण आपण काय बघून कुठे किती मिनिटं खूश व्हायचं, हे पुण्यात बसून ठरवू नका. ते तिथे गेल्यावर ठरतं. बरेचदा गाडी बंद पडल्यावर ठरतं.

मी त्याला माझा तक्ता दिला, तोंडी. पावसाळा सरू दे, ऑक्टोबर उजाडू दे. पाणी भरलेलं असतं आणि घाटात दरड नसते. सात गाड्या नको, दोन बस. नऊ तलाव नको, एक घे. दोन दिवस तिथेच राहा. गावातच जेव, जेवणाचे पैसे विचारून जास्त दे, आणि कागद-बाटल्या उचलून परत आण. टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'तळं किती खोल आहे' असं विचारू नकोस. 'इथे आधी काय होतं' असं विचार. मग पाचदहा मिनिटं तू काही बोलू नकोस. एवढंच.

वाचकहो, भाषणाचा परिणाम होतो यावर माझा विश्वास नाही. छत्तीस वर्षं बँकेतल्या सभा ऐकल्यावर तो राहणं शक्यही नाही. पण चार दिवसांपूर्वी भाचा पुन्हा आला. ऑक्टोबर ठरला होता. दोन गाड्या, दोन दिवस, एकच ठिकाण: मुळशी. माझा ऊर भरून आला. हिनं चहा टाकला. त्यानं संगणक उघडला आणि मी पाहिलं, तक्ता होताच. रकाने होतेच. 'पौड – पेट्रोल.' 'चहा.' 'गावात जेवण.' 'म्हाताऱ्या माणसाशी बोलणे.' आणि त्याखाली एक नवा रकाना, 'गप्प बसणे'. त्यापुढची जागा कोरी होती.

"मामा," तो गंभीरपणे म्हणाला, "याला किती मिनिटं धरू?"

म्हटलं, "बाबा रे, धरू नकोस. त्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी एकदा धरलंय, तेवढं पुरे."